बेचाळीस रात्रींचं शिबिर

मे महिना लागला की जालन्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे दुपारी बारानंतर ओस पडलेले रस्ते, आणि दुसरी म्हणजे समर कॅम्पची पत्रकं. पेपरातून घरात पडतात, व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, चौकातल्या खांबावर लटकतात. सकाळी आठ ते अकरा डे कॅम्प, पाच दिवसांचं निवासी शिबिर, घोडेस्वारी, रायफल शूटिंग, व्यक्तिमत्त्व विकास. शेवटी बारीक अक्षरात फी. तुमच्यापैकी काहींची बॅग आत्ता भरून झाली असेल. काहींनी फीचा आकडा बघून पत्रक गुपचूप घडी करून ठेवलं असेल. हा मजकूर दोघांसाठीही आहे, पण खरं सांगायचं तर दुसऱ्यांसाठी जरा जास्त.

कारण आज ज्या माणसाबद्दल सांगायचंय, त्याच्याकडे शिबिर भरवायला पैसे कधीच नव्हते. तरीही महाराष्ट्रातल्या किमान दोन पिढ्या ज्या गोष्टीला शिबिर म्हणत आल्या, तिच्यात या माणसाचा जीव होता. पांडुरंग सदाशिव साने. म्हणजे आपले साने गुरुजी. नाव ऐकताच तुम्ही मान हलवली असेल, माहितीये म्हणून. शाळेतली प्रार्थना, पाठ्यपुस्तकातला धडा, वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस. रडवणारं पुस्तक लिहिणारे एक मवाळ गृहस्थ, एवढंच आपल्या डोक्यात असतं. थोडं थांबा.

आधी ते रडवणारं पुस्तकच घ्या. 'श्यामची आई' तुम्ही वाचलं असेल तर आठवा, त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. एका आश्रमात काही तरुण मित्र एकत्र राहतात, दिवसभर कामं करतात, संध्याकाळी प्रार्थना होते आणि मग श्याम एक आठवण सांगतो. गावातली माणसंही ऐकायला येऊन बसतात. दुसऱ्या रात्री पुढची आठवण. आता सांगा, याला तुम्ही काय म्हणाल? शेकोटी तेवढी नाही, बाकी सगळा निवासी शिबिराचाच मामला आहे. हे पुस्तक गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, मोजक्या दिवसांत, जवळजवळ एका दमात लिहिलं. त्यांना ते इतक्या भराभर लिहिता आलं, कारण मुलांना रात्री गोष्ट सांगायची सवय त्यांच्या हाडीमाशी भिनलेली होती. ती सवय कुठे लागली, ते बघायला अमळनेरला जावं लागतं.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घराणं खोतांचं, पण तोपर्यंत घरात दारिद्र्य आलेलं. शिक्षणासाठी हा मुलगा दापोली, मग औंध, मग पुणे असा फिरत राहिला. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असं ऐकून तो तिकडे गेला होता, यावरून काय ते समजा. परक्या गावात एकटं राहणं, हातानं भाकरी करणं, कधी उपाशी झोपणं, हे सगळं शाळेच्या वयात. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा हा मुलगा जवळ नव्हता. एम. ए. होऊन १९२४ च्या जूनमध्ये तो अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागला. तीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. काही काळानं शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्याच्याकडे आली.

छात्रालय म्हणजे वसतिगृह. खानदेशातल्या खेड्यांतून आलेली मुलं, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. घरापासून लांब राहिल्यावर पहिल्या दोन रात्री पोटात कसं खड्डा पडल्यासारखं होतं, ते तुम्ही अनुभवलं असेल. गुरुजींना ते पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी काय केलं? शिस्तीचे नियम लिहून भिंतीवर लावले नाहीत. मुलं शाळेत गेली की ते खोल्यांतून फिरायचे. कुणाचा अंथरुणाचा पसारा, कुणाचे कपडे कोपऱ्यात फेकलेले, कंदिलाची काच काजळलेली. ते सगळं स्वतः आवरायचे. केर काढायचे, कपड्यांच्या घड्या करायचे, काच पुसून ठेवायचे. कुणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसायचे. मुलं परत आली की खोली लख्ख. पहिले काही दिवस मजा वाटली असेल, फुकटचा नोकर मिळाला म्हणून. पण मास्तरानं आपला केर काढलेला रोज रोज बघवत नाही हो. मुलं हळूहळू आपणहून आवरायला लागली.

हे वाचून कुणी म्हणेल, हे जरा अतिच झालं, मुलांना लाडावणं झालं. मला तसं वाटत नाही. ओरडण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. ओरडायला अर्धा मिनिट लागतो. इथे रोज, न चिडता, न ऐकवता, दुसऱ्याचा पसारा उचलायचा आणि त्याला स्वतःची लाज स्वतःच वाटेपर्यंत वाट बघायची. आजचे किती कॅम्प लीडर हे करतील, तुम्हीच बघा.

आणखी एक गंमत. त्या छात्रालयाचं स्वतःचं दैनिक होतं! छापलेलं नव्हे, हातानं लिहिलेलं. 'छात्रालय दैनिक' त्याचं नाव. गुरुजी ते लिहायचे आणि मुलांना वाचायला लावून ठेवायचे. त्यात जगातल्या बातम्या, थोरांच्या गोष्टी, छात्रालयातल्या घडामोडी, सगळं. मग १९२८ मध्ये 'विद्यार्थी' नावाचं मासिकही सुरू केलं. पगारातला मोठा भाग मुलांच्या फीमध्ये आणि पुस्तकांत जायचा. आणि रात्री अर्थातच गोष्टी. माणूस तसा लाजाळू, चारचौघांत फार न बोलणारा. पण मुलं समोर बसली की वेगळाच माणूस व्हायचा.

सहाएक वर्षं हे चाललं. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. त्यानंतर तुरुंग हेच त्यांचं घर झालं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचे, अठरा रविवार, आणि ते सगळं भराभर उतरवून घेणारा हात गुरुजींचा होता. आज आपण 'गीता प्रवचने' म्हणून जे पुस्तक वाचतो, ते त्या हातामुळे आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्याआधीचा त्रिचनापल्लीचा तुरुंग महत्त्वाचा. तिथे दक्षिणेतल्या वेगवेगळ्या प्रांतांतले राजबंदी एकत्र होते. तमिळ, तेलुगू, मल्याळी, कन्नड. शेजारी झोपणाऱ्याची भाषाच कळत नाही, मग करायचं काय? गुरुजी शिकायला लागले, आणि तमिळमधलं 'कुरल' मराठीत आणलं. भारतातल्या पोरांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावं, या 'आंतरभारती'च्या कल्पनेचं बी तिथलं. पुढे १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती लोकांपुढे मांडली.

आता शिबिरांकडे येऊ. जगात मुलांच्या कॅम्पची गोष्ट निघाली की इंग्लंडच्या बेडन-पॉवेलचं नाव येतं. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्यानं विसेक मुलांना तंबूत ठेवलं आणि त्यातून स्काउट निघालं. त्या कॅम्पची खरी कमाल तंबू किंवा गाठी मारणं ही नव्हती. श्रीमंतांच्या शाळेतली मुलं आणि कामगारांची मुलं त्यानं एकाच तंबूत ठेवली, ही होती. आपल्याकडे ही गोष्ट दसपट अवघड होती, कारण आपल्याकडे मध्ये जात होती.

राष्ट्र सेवा दल ४ जून १९४१ ला पुण्यात नव्यानं उभं राहिलं. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. संध्याकाळच्या शाखा, आणि सुट्टी लागली की शिबिरं. सकाळी झेंडावंदन, कवायत, मग श्रमदान. दुपारी बौद्धिक, म्हणजे चर्चा. संध्याकाळी खेळ, रात्री गाणी. मुलगे आणि मुली दोघंही. आणि जेवायला एकच पंगत. या शेवटच्या वाक्यावरून तुमची नजर सरकन पुढे गेली ना? साहजिक आहे. पण चाळीसच्या दशकातल्या गावात ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या, महाराच्या, मुसलमानाच्या पोरांनी मांडीला मांडी लावून जेवणं म्हणजे घरी गेल्यावर मार खायची तयारी ठेवणं होतं. शिबिरात पोहणं शिकलात तर आई खूश होते, पण हे शिकून घरी गेलात तर भांडण. साने गुरुजी या शिबिरांचे लाडके पाहुणे होते. १९४५ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर तर ते सेवा दलात रमूनच गेले. त्यांनी मुलांसाठी गाणी लिहिली, शिबिरांत गोष्टी सांगितल्या.

शिबिरात जे शिकवतो ते बाहेर खरं आहे का, हा प्रश्न मात्र त्यांना झोपू देईना. पंगतीत शेजारी बसलेल्या पोराला पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात जाता येत नव्हतं. मग गुरुजी सेवा दलाच्या कलापथकाला घेऊन महाराष्ट्रभर फिरले. गाणी, पोवाडे, सभा. गावोगाव देवळं आणि विहिरी खुल्या व्हायला लागल्या. तरी पंढरपूर हलेना. १ मे १९४७ ला त्यांनी तिथे उपोषण सुरू केलं. भर उन्हाळा. दिल्लीहून गांधीजींनी उपोषण थांबवायला कळवलं. ज्यांच्यासाठी नोकरी सोडली, तुरुंग भोगला, त्यांचाच हा निरोप. गुरुजींनी तो आदरानं बाजूला ठेवला. अखेर दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी मान्यता दिली आणि दहा-अकरा दिवसांनी उपोषण सुटलं. मवाळ माणूस म्हणून आपण ज्यांना बाजूला टाकतो, ते हे.

जालनेकरांनो, तुमच्या आजोबा-पणजोबांना मात्र तेव्हा अशा शिबिराला जायचं सुखही नव्हतं. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. १९४७-४८ मध्ये इथल्या तरुणांच्या तोंडी कॅम्प हा शब्द होता तो वेगळ्याच अर्थानं. सरहद्द ओलांडून भारतीय हद्दीत उभारलेले स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प. त्यातली कितीतरी पोरं तुमच्याच वयाची होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती घरी परतली. घरात कुणी जुनं माणूस असेल तर या सुट्टीत विचारून बघा. फुकटात मिळणारी रात्रीची गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर गुरुजी आनंदात असतील असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. गांधीजींच्या खुनानं ते आतून हलले. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. पुतणी सुधाला पत्रं लिहिली, फुलं, पाऊस, पक्षी, जगातली पुस्तकं, सगळं त्यात. ती 'सुंदर पत्रे' वाचताना कळत नाही की लिहिणारा किती थकलाय. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय पन्नास. पाठ्यपुस्तकात हे नसतं, आणि मोठी माणसंही सांगताना अडखळतात. पण तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. हजारो मुलांच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या उशाशी त्या दिवसांत कुणीतरी बसायला हवं होतं, असं राहून राहून वाटतं. तुमच्या किंवा तुमच्या मित्राच्या मनात असं काही घोळत असेल तर घरात, शाळेत कुणाशी तरी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

गुरुजी गेले, शिबिरं राहिली. सेवा दलाच्या कलापथकात पुण्याचा एक पोरगा होता, निळू फुले. तिथेच राम नगरकर. नंतरच्या पिढीत एक मुलगी आली, स्मिता पाटील. अभिनयाचा क्लास वगैरे काही नव्हता, गावोगाव फिरून लोकांपुढे उभं राहायचं, बस्स. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. चंद्रपूरच्या मे महिन्यात खोदकाम! तरी राज्यभरातून पोरं-पोरी गेली, कितीतरी वर्षं जात राहिली. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे, तिथेही मुलांची शिबिरं होतात.

आणि ज्यांनी पत्रक घडी करून ठेवलंय त्यांच्यासाठी एक हिशोब. अमळनेरच्या छात्रालयात काय काय होतं ते मोजा. राहायला एक जागा, पुसलेला कंदील, हातानं लिहिलेला एक कागद, रात्री एक गोष्ट आणि आपला पसारा आपण उचलणारी दहा-बारा पोरं. अंबडला, परतूरला, मंठ्याला, जाफराबादला झेडपीच्या शाळा सुट्टीत रिकाम्याच असतात. किल्ली गुरुजींकडे किंवा सरपंचांकडे मिळते. गच्चीवर रात्री वारं सुटतं. विचारायला जाताना दोघं-तिघं मिळून जा, आणि सोबत कुणाचे तरी आई-वडील न्या, म्हणजे नाही म्हणणं अवघड जातं.