विल्बर राईट आणि विमानाचे शेपूट

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहतात ते त्याचे लांबरुंद पंख. मागच्या शेपटाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु विल्बर राईटच्या आयुष्यात या शेपटाला फार मोठे स्थान आहे. पंखांनी त्याला हवेत उचलले. हवेत वळायला मात्र शेपटाने शिकवले. आणि पुढे त्याच शेपटापायी त्याला कोर्टाच्या पायऱ्याही झिजवाव्या लागल्या.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिलव्हिल या खेड्याजवळ झाला. वडील मिल्टन राईट हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. पुढे ते बिशप झाले. आई सुझन ही गाड्या बांधणाऱ्या कारागिराची मुलगी. हातोडी-करवत तिच्या हातात सहज खेळत असे. मुलांना हातांनी वस्तू घडवण्याचा नाद लागला तो आईमुळे आणि वाचनाचा नाद लागला तो वडिलांच्या पुस्तकांमुळे.

विल्बर अभ्यासात हुशार होता. त्याने येल विद्यापीठात जावे असे घरात घाटत होते. पण १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर खेळताना एकाची काठी त्याच्या तोंडावर बसली आणि समोरचे दात पडले. पाठोपाठ छातीत धडधड सुरू झाली. कॉलेजचा विचार मागे पडला तो कायमचाच. त्याच सुमारास आई क्षयाने अंथरुणाला खिळली. तिची शुश्रूषा करावी आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या संग्रहातील पुस्तके वाचावी, एवढाच त्याचा दिनक्रम झाला. १८८९ साली आई गेली. ज्या कॉलेजची पायरी चढायला मिळाली म्हणून आमच्यासारख्यांच्या घरी पेढे वाटले जातात, ती पायरी या माणसाला कधीच चढता आली नाही. पण त्याचे शिक्षण काही थांबले नाही.

धाकटा भाऊ ऑर्व्हिल याच्यासह त्याने डेटन गावात प्रथम छापखाना आणि १८९२ मध्ये सायकलींचे दुकान काढले. १८९६ साली जर्मनीचा ओटो लिलियेंटाल ग्लायडर कोसळून मरण पावला. ती बातमी वाचून विल्बरच्या मनातील जुनी ओढ जागी झाली. १८९९ मध्ये त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र धाडून उड्डाणाविषयीचे साहित्य मागवले. त्याच वर्षी दुकानात सायकलच्या ट्यूबचे रिकामे खोके हातात पिळता पिळता त्याला एक युक्ती सुचली. असाच पीळ विमानाच्या पंखांना दिला तर? एका बाजूचा पंख वर उचलला जाईल, दुसरा खाली येईल आणि विमान तोल सावरील.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात किटी हॉक येथे समुद्रकाठच्या वाळूत दोघे भाऊ आपले ग्लायडर उडवू लागले. १९०१ च्या ग्लायडरने फार निराशा केली. अपेक्षेपेक्षा उचल कितीतरी कमी पडली आणि वळताना ते भलत्याच दिशेला फिरू लागले. आपल्या हयातीत माणूस उडणार नाही असे विल्बरला वाटू लागले. तरी घरी परतल्यावर दोघांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि सुमारे दोनशे छोट्या पंखांची परीक्षा घेतली.

या आकड्यांवरून १९०२ चे ग्लायडर तयार झाले. पंखांचा विस्तार ३२ फूट. लाकडाची चौकट आणि तिच्यावर मलमलीचे कापड. विल्बर तासन् तास शिलाईयंत्र फिरवी आणि ऑर्व्हिल खाली बसून शिवणीच्या खुणा करी. या ग्लायडरला त्यांनी प्रथमच शेपूट बसवले. मागच्या बाजूस दोन उभी पाती, जागच्या जागी घट्ट बांधलेली.

शेपूट बसवण्याचे कारण असे. पंखाला पीळ दिला की ज्या बाजूची उचल वाढते, त्या बाजूला हवेचा अडथळाही वाढतो. तो पंख मागे ओढला जातो आणि विमानाचे नाक नको त्या बाजूला वळते. मागची उभी पाती हे वळणे रोखतील असा भावांचा हिशेब होता. बऱ्याच वेळा तो बरोबर ठरला. पण मधूनच विमान एका अंगावर कलून खाली घसरू लागे. मग खालच्या बाजूचा वारा त्या घट्ट पात्यांवर आदळे आणि विमानाचे नाक कललेल्या बाजूलाच ढकलले जाई. तो पंख आणखी मंदावे, आणखी झुके आणि गरगरत वाळूत रुते. या प्रकाराला दोघे भाऊ थट्टेने विहीर खणणे म्हणत. थट्टा खरी, पण अशाच एखाद्या विहिरीत प्राण जाण्याचा धोका होता.

ऑक्टोबरच्या आरंभी एका रात्री ऑर्व्हिलला झोप येईना. विचार करता करता त्याच्या ध्यानात आले की, शेपूट घट्ट ठेवण्यातच चूक आहे. ते नावेच्या सुकाणूसारखे हलते असावे. थोरला भाऊ प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा. हेही तो खोडून काढील असे ऑर्व्हिलला वाटले होते. सकाळी न्याहारीच्या वेळी त्याने भीतभीतच विषय काढला. विल्बर क्षणभर गप्प राहिला आणि त्याने ते मान्य केले. एवढेच नव्हे, तर त्यात भरही घातली. चालकाला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागू नयेत, म्हणून शेपटाच्या तारा पंख पिळणाऱ्या तारांनाच जोडाव्यात असे त्याने सुचवले.

दोन घट्ट पात्यांच्या जागी एक हलते पाते आले. त्यानंतर ग्लायडर आज्ञाधारकपणे वळू लागले. त्या हंगामात सर्वांत लांब झेप ६२२ फुटांवर गेली. १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिन लावलेले विमान उडाले. त्या दिवसाचे शेवटचे उड्डाण विल्बरचे, ८५२ फूट आणि ५९ सेकंद. जग हा दिवस लक्षात ठेवते. पण विमान मुठीत आले ते वर्षभर आधी, त्या शेपटामुळे. शेपूट पंखांशी जोडण्याची आपली युक्तीही विल्बरने शेवटची मानली नाही. अनुभव आल्यावर १९०५ च्या विमानात शेपटाला स्वतंत्र दांडा दिला गेला.

२२ मे १९०६ रोजी भावांना पेटंट मिळाले. पंख आणि शेपटाचे सुकाणू यांचा मेळ हा त्याचा गाभा होता. १९०८ मध्ये फ्रान्समध्ये विल्बरने आपले विमान लीलया वळवून दाखवले, तेव्हा शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. पण १९०९ पासून ग्लेन कर्टिस व इतरांशी खटले सुरू झाले. नवे विमान रचण्याचे त्याचे दिवस वकिलांच्या भेटीत आणि साक्षी देण्यात जाऊ लागले. या दगदगीने तो खंगला असे घरच्यांना वाटे. ३० मे १९१२ रोजी विषमज्वराने त्याचा अंत झाला. वय अवघे ४५. वरिष्ठ न्यायालयाचा निकाल राईटांच्या बाजूने लागला तो जानेवारी १९१४ मध्ये. तो पाहायला विल्बर नव्हता.

त्याने खटले करायला नको होते, असे सुखाने म्हणता येते. ज्याच्या कष्टांवर दुसरे पैसा मिळवत होते त्याने गप्प बसावे, हा सल्ला आपण तरी ऐकला असता का? तरीही मनाला चुटपुट लागतेच. न्याहारीच्या वेळी धाकट्या भावाच्या एका शब्दावर आपले यंत्र बदलणारा विल्बर त्या शेवटच्या वर्षांत फार थोडा दिसतो. आणखी काही वर्षे तो कोर्टाऐवजी कारखान्यात राहिला असता तर काय घडवून गेला असता, कोण जाणे!

आज कोणी हौशी माणूस घराच्या पडवीत हलके विमान बांधतो, तेव्हा शेपटाचे पाते बिजागरीवर बसवताना ते मोकळेपणाने दोन्हीकडे फिरते ना, हे पुन्हा पुन्हा हलवून पाहतो. त्या हलत्या पात्यात दोन भावांमधला तो एक संवाद आहे. एकाने धीर करून बोलायचे आणि दुसऱ्याने मोठेपणा बाजूला ठेवून ऐकायचे. विल्बर राईटच्या चरित्रातून मला घ्यावेसे वाटते ते हेच.