नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी १८९७) हे मुंबईतील गिरणी कामगारांचे आद्य संघटक, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि दीनबंधू या वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाते. साप्ताहिक सुट्टी ही त्यांची सर्वपरिचित कामगिरी होय. तथापि, कामावर जायबंदी झालेल्या कामगाराची जबाबदारी मालकाने स्वीकारावी, ही त्यांच्या नेतृत्वाखाली पुढे आलेली मागणीही तितकीच मूलगामी होती.

प्रारंभीचे जीवन

लोखंडे यांचा जन्म ठाणे येथे माळी समाजातील एका सामान्य कुटुंबात झाला. रेल्वे व टपाल खात्यांतील नोकरीनंतर ते मुंबईतील मांडवी येथील कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे कामगारांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले. जोतीराव फुले यांच्या विचारांनी ते प्रभावित झाले होते. १८८० मध्ये दीनबंधूची सूत्रे हाती घेऊन त्यांनी ते मुंबईतून चालविले.

१८८४ चे निवेदन

१८८१ च्या कारखाना अधिनियमाने धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालण्याची आणि अपघाताची वर्दी देण्याची तरतूद केली होती. मात्र तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरताच लागू होता. प्रौढ कामगारांच्या कामाच्या तासांवर त्यात मर्यादा नव्हती आणि जखमी कामगाराच्या निर्वाहाचीही सोय नव्हती.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगासाठी तयार करण्यात आले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा काळ आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, या त्यातील मागण्या होत्या. याखेरीज, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी, असेही मागण्यात आले होते. या प्रयत्नांतून बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन आकाराला आली. तिला नियमित सभासद, निधी वा लेखी नियम नव्हते.

साप्ताहिक सुट्टी व १८९१ चा कायदा

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांनी साहाय्य केले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. स्त्रियांसाठी दिवसाला ११ तास, तर ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी ७ तास ही मर्यादा ठरली. जखमींच्या वेतनाची मागणी मात्र अपूर्णच राहिली.

मृत्यू व वारसा

सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली होती. मुंबईतील प्लेगच्या साथीत १८९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी, १९२३ मध्ये, कामगार नुकसानभरपाई अधिनियम संमत झाला. कामामुळे व काम करीत असताना झालेल्या अपघाताची भरपाई देणे हे मालकाचे कायदेशीर दायित्व ठरले. १८८४ च्या निवेदनातील मूळ तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने लोखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.