संत जोसेफ वाझ : संकटकाळांतील एक श्रद्धावंत मेंढपाळ



ज्युबिली म्हणजे देवाचे उपकार आठवण्याचा काळ. परंतु मागें वळून पाहूं लागलों, कीं सगळींच वर्षें सुगीचीं दिसत नाहींत. १९७२ सालचा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनीं ह्याच मराठवाड्यांत सोसला. २०१२-१३ सालीं जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा पाण्यावांचून उभ्या वाळल्या. २०२० सालीं महामारी आली आणि देवळांचीं दारें कित्येक महिने बंद राहिलीं. आपल्या माणसाला शेवटची माती देण्याचें भाग्यही पुष्कळांना लाभलें नाहीं. अशा वेळीं साध्याभोळ्या मनालाही प्रश्न पडतो, कीं प्रार्थना करूनही विहीर आटलीच, तर मग श्रद्धेनें काय साधलें?

ह्या प्रश्नाला तर्कानें उत्तर देण्यापेक्षां एका माणसाचें आयुष्य आपणांपुढें मांडावें असें मला वाटतें. हे आपल्या शेजारच्या गोमंतकाचे. नांव संत जोसेफ वाझ. गोव्यांतील लोक त्यांना जुझे वाझ म्हणतात. छळ, तुरुंग, दुष्काळ आणि सांथ ह्या चारांपैकीं एकही संकट त्यांना चुकलें नाहीं. तरीही तीनशें वर्षांनंतर त्यांचें नांव आपण वेदीपाशीं आदरानें घेतों. तें कां, हें त्यांच्या चरित्रावरूनच कळून येईल.

बालपण व गुरुदीक्षा

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं सासष्टींतील बाणावली गांवीं, आईच्या माहेरीं झाला. वडील ख्रिस्तोफर वाझ हे सांकवाळचे, आई मारिया द मिरांडा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. आठव्या दिवशीं बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ताच्या देवळांत त्यांचा स्नानसंस्कार झाला. घरची भाषा कोंकणी. सांकवाळच्या शाळेंत ते पोर्तुगीज शिकले, बाणावलीस लॅटिन शिकले, आणि पुढें गोवा शहरांत येशूसंघीयांच्या संत पौल विद्यालयांत व नंतर संत थॉमस अक्विनास विद्यालयांत त्यांनीं तत्त्वज्ञान व ईश्वरशास्त्र ह्यांचा अभ्यास केला. १६७६ सालीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन त्या वेळीं दोनच वर्षें झालीं होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो काळ आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो.

दीक्षा झाल्यावर हा तरुण धर्मगुरु गोरगरिबांप्रमाणें अनवाणी चालूं लागला. ५ ऑगस्ट १६७७ रोजीं त्यांनीं एक पत्र लिहून स्वतःला पवित्र मरियेचा कायमचा दास म्हणून अर्पण केलें. एखादा शेतकरी आपलें शेत लिहून देतो तसें ह्यांनीं आपलें सगळें आयुष्यच लिहून दिलें. पुढच्या चौतीस वर्षांत जें जें घडलें त्याचें मूळ ह्या पत्रांत आहे. जो स्वतःचा उरला नाहीं त्याला गमावण्याची भीति ती कसली?

१६८१ सालीं त्यांना कानडा प्रांतांत पाठविण्यांत आलें. मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळ्ळी ह्या बाजूचे ख्रिस्ती लोक त्या वेळीं मोठ्या पेंचांत होते. गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार खरा, कीं रोमहून नेमून आलेल्या बिशपांचा, असा वाद पेटला होता. त्यांत फादर वाझ ह्यांनीं तंटा वाढविला नाहीं. ते गांवोगांव हिंडले, पडकीं देवळें उभीं केलीं, मुलांना शिकविलें, आजाऱ्यांना साक्रामेंत दिले. इकडे १६८३ च्या अखेरीस छत्रपति संभाजी महाराजांच्या फौजा गोव्यांत शिरल्या होत्या व शहराची धांदल उडाली होती. अशा धामधुमींत १६८४ सालीं ते परत आले.

त्या काळीं देशी धर्मगुरूंना युरोपीय संन्यासी संघांत सहसा प्रवेश मिळत नसे. तेव्हां कांहीं गोमंतकीय धर्मगुरूंनीं जुन्या गोव्यांत चमत्कारी क्रुसाच्या देवळापाशीं एकत्र राहून प्रार्थनेचें जीवन आरंभिलें होतें. १६८५ सालीं फादर वाझ त्यांना येऊन मिळाले, आणि संत फिलिप नेरी ह्यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनीं त्या समाजाला शिस्त लावून दिली. ह्याच घरांतून पुढें लंकेला एकामागून एक धर्मगुरु गेले.

लंकेचा मार्ग

लंकेची स्थिति तेव्हां फारच वाईट होती. डच लोकांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना पोर्तुगीजांकडून घेतलें. डच हे काल्विनपंथी. त्यांनीं सर्व कॅथॉलिक धर्मगुरूंना घालवून दिलें, देवळें आपल्या पंथासाठीं घेतलीं, आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्यास देहान्त शिक्षा ठरविली. जवळजवळ तीस वर्षें त्या बेटावर उघडपणें मिस्सा झाली नाहीं. मुलें जन्मलीं, म्हातारे मेले, पण धर्मगुरूचें दर्शन कोणाला घडलें नाहीं. ही हकीकत ऐकल्यापासून फादर वाझ ह्यांचें मन लंकेकडे लागलें होतें.

१६८६ सालीं त्यांनीं गोवा सोडला व पायीं दक्षिणेची वाट धरली. बरोबर जॉन नांवाचा एक विश्वासू तरुण सेवक होता. तुतिकोरीन येथें त्यांनीं धर्मगुरूचा वेष उतरविला, मजुराचा पोशाख केला, आणि १६८७ सालीं ईस्टरच्या सुमारास ते गलबतानें निघाले. जाफन्यास पोंचले तेव्हां अतिसारानें त्यांच्या अंगांत उभें राहण्याचें त्राण उरलें नव्हतें. परक्या मुलुखांत, रोगी, ओळखीचें कोणी नाहीं, आणि खरी ओळख सांगावी तर जिवावर बेतावयाचें, अशी ती दशा होती.

बरें वाटूं लागतांच त्यांनीं एक युक्ति केली. गळ्यांत उघडपणें जपमाळ घालून ते दारोदार भीक मागूं लागले. कोणत्या घरचा माणूस त्या जपमाळेकडे कसा पाहतो, हें ते पाहत. कोणाची नजर थांबली, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलें, म्हणजे तेथें जुनी श्रद्धा जिवंत आहे असें ते समजत. हळूहळू एका कुटुंबाचा विश्वास बसला, मग दुसऱ्याचा. सिल्लालै नांवाच्या गांवीं लोकांनीं त्यांना लपवून ठेविलें. रात्रीं मिस्सा, रात्रीं पापनिवेदन, आणि पहांटेपूर्वीं दुसऱ्या घरीं मुक्काम, असा दोन वर्षांहून अधिक काळ त्यांचा क्रम चालला.

अखेर ही गोष्ट डच अधिकाऱ्यांच्या कानीं गेली. १६८९ च्या नाताळच्या रात्रीं शिपायांनीं छापा घातला. शेंकडों भाविक पकडले गेले. त्यांच्या पुढाऱ्यांना फटक्यांची व कैदेची शिक्षा झाली. फादर वाझ मात्र हातीं लागले नाहींत. आपल्यामुळें दुसऱ्यांनीं मार खावा, ह्याहून मोठें दुःख मेंढपाळाला नाहीं. परंतु त्या लोकांनीं धर्म सोडला नाहीं, आणि फादरांनीं लंका सोडली नाहीं.

तुरुंग व पाऊस

१६९० सालीं ते डचांच्या हद्दीबाहेर, कँडीच्या राजाच्या मुलुखांत, पुत्तलम येथें गेले; आणि १६९२ सालीं खुद्द कँडीकडे निघाले. तेथें विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध राजा राज्य करीत होता. त्याच्या दरबारीं असलेल्या एका काल्विनपंथी फ्रेंच माणसानें हा पोर्तुगीजांचा हेर आहे असें राजाला भरवून दिलें. फादर वाझ ह्यांना बेड्या घालून कँडीस नेण्यांत आलें व कैदेंत टाकण्यांत आलें. ही कैद सुमारें दोन वर्षें चालली.

त्यांनीं हा काळ कसा घालविला? ते सिंहली भाषा शिकले. कैदेच्या आवारांतच एक लहानशी झोंपडी बांधून तिला देऊळ केलें, वेदी मांडली, आणि शहरांत दडून राहिलेले ख्रिस्ती लोक लपतछपत तेथें येऊं लागले. ज्याला बाहेर जाण्याची बंदी होती, त्याच्याकडे लोक आंत येऊं लागले.

१६९३ सालीं त्या प्रांतांत पाऊस पडेना. परंपरा अशी सांगते, कीं सर्व उपाय थकल्यावर राजानें ह्या कैद्याला प्रार्थना करण्यास सांगितलें. चौकांत वेदी मांडून व क्रूस उभारून फादर गुडघे टेकून प्रार्थना करीत राहिले, आणि मुसळधार पाऊस आला. वेदीची जागा तेवढी कोरडी राहिली. आपल्या दुष्काळी भागांतल्या माणसाला ही गोष्ट विशेष गोड वाटेल. परंतु माझी विनंती अशी, कीं पावसाइतकेंच त्यापूर्वींच्या कोरड्या दिवसांकडेही पाहावें. पाऊस पडला तो एका दिवशीं; त्याआधींच्या कैदेंतील प्रत्येक दिवशीं ह्या माणसानें तितक्याच शांतपणें प्रार्थना केली होती. ह्या घटनेनंतर राजानें त्यांना मोकळीक दिली व धर्मोपदेशाची परवानगीही दिली.

देवीची सांथ

१६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. ह्या वेळेपर्यंत गोव्याहून कांहीं सोबती येऊन मिळाले होते. त्यांत त्यांचा भाचा फादर जोसेफ कार्व्हालो होता. १६९६ सालीं कोचीनच्या बिशपांनीं फादर वाझ ह्यांना लंकेचे विकार जनरल नेमलें होतें.

त्या काळीं ह्या रोगावर औषध नव्हतें, लस नव्हती. राजा व दरबारी शहर सोडून गेले. ज्याच्या अंगावर फोड दिसला त्याला घरच्यांनींच रानांत नेऊन सोडावें, असा प्रकार सुरू झाला. ह्यांत कोणाला नांवें ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. भय माणसाला असेंच वागवितें, आणि २०२० सालीं आपणही तें भय ओळखलें आहे. फादर वाझ व त्यांचा भाचा शहरांतच राहिले. रानांत टाकलेल्या रोग्यांसाठीं त्यांनीं आडोसे उभे केले. रोज घरोघर व झोंपडोझोंपडीं जाऊन ते त्यांच्या जखमा धूत, पेज पाजीत, निजण्याची जागा स्वच्छ करीत. जे मेले त्यांचे खड्डे त्यांनीं स्वतःच्या हातांनीं खणले. रोगी ख्रिस्ती कीं बौद्ध, हें विचारलें नाहीं. सुमारें वर्षभर हें चाललें. हा परका धर्मगुरु नसता तर रस्ते प्रेतांनीं भरले असते, हें पुढें राजानेंही मान्य केलें असें सांगतात.

बंधुभगिनींनो, ह्या सेवेनें सांथ थांबली नाहीं. तिला थांबवावयाचें त्यांच्या हातीं नव्हतें. पण एकटा टाकलेला माणूस एकटा मेला नाहीं, एवढें मात्र झालें. आणि मरणाच्या दारीं ज्याला मायेचा हात मिळाला, त्याच्या दृष्टीनें तें लहान नव्हतें.

कामाची मांडणी व अखेर

फादर वाझ हे केवळ कनवाळू नव्हते, दूरदर्शीही होते. एक धर्मगुरु सर्वत्र पुरा पडणार नाहीं, हें जाणून त्यांनीं प्रत्येक वस्तींत मुप्पु म्हणजे समाजाचा पुढारी व अण्णावी म्हणजे प्रार्थना चालविणारा व शिकविणारा, असे गृहस्थाश्रमी माणूस नेमले. धर्मगुरु सहा महिने न आला तरी जपमाळ, मुलांची शिकवण व आजाऱ्याजवळची प्रार्थना चालू राहावी, अशी ही व्यवस्था होती. प्रार्थना व धर्मशिक्षण लोकांच्या भाषेंत, सिंहली व तमिळमध्यें, असावें असा त्यांचा कटाक्ष होता. १७०५ सालीं गोव्याहून आलेले फादर जाकोम गोन्साल्विस ह्यांनीं पुढें सिंहलींत विपुल ग्रंथरचना करून हें काम भरास आणलें.

त्यांना बिशपपद देऊं केलें असतां त्यांनीं तें नाकारलें. चोवीस वर्षें लंकेंत अनवाणी हिंडून शरीर झिजलें होतें. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. गोवा त्यांनीं पुन्हां पाहिला नाहीं. पुढच्या उलथापालथींत त्यांचें देऊळ गेलें, आणि त्यांना नेमकें कोठें पुरलें ती जागाही आज सांगतां येत नाहीं. पण ज्या लोकांसाठीं ते झिजले त्यांची श्रद्धा राहिली. २१ जानेवारी १९९५ रोजीं कोलंबो येथें पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं त्यांना धन्यवादित घोषित केलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं त्याच शहरांत पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्यांना संतपद दिलें.

आपल्यासाठीं

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. श्रद्धेनें काय साधतें? ह्या चरित्रावरून दिसतें तें असें, कीं श्रद्धा संकटाची वाट अडवीत नाहीं. संकट घरांत शिरल्यावर सकाळीं उठून काय करावयाचें, तें ती सांगते. छळांत जपमाळ गळ्यांत घालावी, कैदेंत शेजाऱ्याची भाषा शिकावी, सांथींत पेज रांधावी. फादर वाझ ह्यांनीं देवाला कां म्हणून विचारण्यांत दिवस घालविले नाहींत. जवळचा दुःखी कोण, एवढेंच पाहिलें.

हसनाबादलाही असे दुःखी जवळच आहेत. कर्जानें खचलेला शेतकरी, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मागें राहिलेले म्हातारे आईबाप, ज्याच्या दारीं कोणी जात नाहीं असा रोगी. ज्युबिलीचे मंडप उतरतील, तोरणें सुकतील. त्यानंतरच्या पहिल्या साध्या सोमवारीं आपल्यापैकीं कोणी अशा एका दारीं गेला, त्याच्याजवळ बसून त्याच्यासह एक जपमाळ म्हटली व चुलीवर पेज ठेविली, तर ही ज्युबिली खरी साजरी झाली असें मी समजेन. लंकेंत मुप्पु आणि अण्णावी ह्यांनीं जें केलें तें येथें आपल्यालाही करतां येईल. त्याला गुरुदीक्षा लागत नाहीं.

दरवर्षीं १६ जानेवारीस त्यांचा सण येतो. त्या दिवशीं आपण त्यांच्या मध्यस्थीनें एवढें मागूं, कीं पुढचा दुष्काळ येवो वा न येवो, ह्या धर्मग्रामांतील कोणताही माणूस संकटांत एकटा पडूं नये. प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांचें रक्षण करो, आणि त्याची कृपामाता मरिया आपल्या घरांवर आपला पदर धरो. आमेन.