रुग्णाची बाजू घेणारा संपादक

वृत्तपत्राच्या अग्रलेखाच्या पानावर राष्ट्रीय राजकारणाला नेहमीच पहिला पाट मिळतो. आरोग्याचा प्रश्न एखादी साथ आल्याखेरीज तेथवर सहसा पोहोचत नाही, आणि पोहोचलाच तर तो लवकरच पक्षोपक्षांच्या वादात हरवून जातो. मग रुग्ण राहतो बाजूला आणि सरकारची बाजू कोणती, विरोधकांची कोणती, याचीच झडती सुरू होते. हा रोग आजचा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याच्याशी झुंजलेल्या एका संपादकाचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

कराडला लागून असलेल्या मलकापुरात आज वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांतून रुग्ण तेथे येतात. तेथून थोड्याच अंतरावर, कृष्णाकाठच्या टेंभू गावी, १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. विधवाविवाहाला कायदेशीर मान्यता मिळाली तेही हेच वर्ष. घरची स्थिती हलाखीची. कराडचे शिक्षण संपल्यावर पुढील शिकण्यासाठी हा मुलगा रत्नागिरीपर्यंत पायी गेला, नंतर अकोल्यास राहिला आणि १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. एम.ए. होणाऱ्या तरुणाला त्या काळी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळे. आगरकरांनी ती आशा सोडून द्यावी असे आईला पत्राने कळविले आणि पोटापुरत्या वेतनावर शिक्षकी पत्करली. शरीराला दम्याने तरुणपणीच गाठले होते.

१८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. पुढल्याच वर्षी त्यांच्या लेखणीची पहिली कसोटी लागली, आणि ती एका रुग्णाच्याच निमित्ताने लागली. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेड लागल्याचे सांगून त्यांना देखरेखीखाली ठेवण्यात आले होते; त्यांचा छळ होत आहे अशी वार्ता पसरली. 'केसरी' आणि 'मराठा' या दोन्ही पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ज्या पत्रांवर आरोपाची इमारत उभी होती ती पत्रे बनावट निघाली. टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले. महाराजांचा १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे नजरकैदेतच मृत्यू झाला. तेव्हा रुग्णाविषयीची काळजी अनाठायी होती असे म्हणवत नाही. परंतु काळजी खरी असली तरी पुरावा खोटा असू शकतो, हा धडा त्या प्रकरणाने घालून दिला. लोकांच्या आजाराविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो आजही गिरवावा असाच आहे.

दुसरी कसोटी अधिक कठीण होती. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या प्रश्नावरून टिळकांशी मतभेद वाढत गेले आणि १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात क्षयाने निधन झाले होते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते मूल दहा दिवसांत गेलेले, आणि डॉक्टरीची पदवी मिळवूनही बाविशी पूर्ण होण्याआधी अंत! बालविवाहाची किंमत कोणत्या नाण्यात मोजावी लागते हे पुण्याने डोळ्यांनी पाहिले होते. पुढल्या वर्षी १५ ऑक्टोबरला आगरकरांचा 'सुधारक' सुरू झाला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत.

१८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली. कायद्यातील संमतिवय दहा वर्षांचे असल्याने त्या प्रौढ नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा ठरलाच नाही. एका वर्षाच्या कैदेवर तो सुटला. हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयांत पाहिलेल्या अशाच मुलींच्या हकिकती सरकारपुढे मांडल्या. १८९१ च्या जानेवारीत संमतिवय बारा करणारे विधेयक आले आणि महाराष्ट्रात रण माजले.

टिळकांची बाजू येथे न्यायाने सांगितली पाहिजे. ते बालविवाहाचे भाट नव्हते; मुलीचे लग्न सोळाव्या वर्षाआधी करू नये असा नियम सुधारकांनी प्रथम स्वतःवर बांधून घ्यावा, असे त्यांनीच सुचविले होते. परक्या सरकारला घरात हात घालू देऊ नये, हा त्यांचा आक्षेप होता आणि पारतंत्र्यातील समाजाला तो पटण्याजोगाही होता. आगरकरांचा हिशेब निराळा होता. समाज आपणहून शहाणा होईल तोवर ज्या मुली मरतील त्यांची जबाबदारी कोणावर, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. जीव वाचविणारा कायदा कोणी केला यापेक्षा तो जीव वाचवितो की नाही हे त्यांना महत्त्वाचे वाटे. १८९१ च्या मार्चमध्ये कायदा संमत झाला. शास्त्रवचनांचा कीस काढणाऱ्यांपुढे आगरकर बुद्धी आणि अनुभव हे दोनच साक्षीदार उभे करीत. सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. जिवलग मित्र दुरावला. तरीही 'सुधारक' थांबला नाही.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, परंतु दमा आता आवरत नव्हता. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, ते गेले. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी स्वतःच पुडीत बांधून ठेवले होते असे सांगतात. 'केसरी'त मृत्युलेख लिहिताना टिळकांनी जुन्या मित्राबद्दलचे प्रेम लपविले नाही.

बारा वर्षांची मर्यादा आज तोकडी वाटते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. म्हणजे दर पाच जणींत एक. अशा लग्नातून येणारी कोवळ्या वयातील बाळंतपणे, रक्तक्षय आणि अर्धवट शिक्षण यांची रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेली नसते. ती त्या मुलीच्या शरीरातून वसूल होते.

मलकापूरच्या रुग्णालयात असा खर्च रोज दिसत असेल. तो अग्रलेखाच्या पानावर आणण्याचे काम मात्र शेजारच्या टेंभूच्या त्या दमेकरी संपादकाने अर्धेच करून ठेवले आहे; उरलेले अर्धे आज लिहिणाऱ्यांच्या आणि वाचणाऱ्यांच्या वाट्याचे आहे.