भाडळी

भाडळी (भडळी, भडली, भड्डरी अशीही रूपे) ही पाऊस, वारा, पीकपाणी व शकुन यांविषयीच्या लोकोक्तींची कर्ती मानली जाणारी, लोकपरंपरेतील प्रसिद्ध स्त्री होय. महाराष्ट्रात तिचे नाव सहदेवाशी जोडून 'सहदेव-भाडळी' असे घेतले जाते. नर्मदेच्या तीरावरील मणिबेली (जि. नंदुरबार) या गावाजवळ महाराष्ट्राची हद्द संपून गुजरातची सुरू होते, भाडळीची ख्याती मात्र दोन्ही राज्यांत आहे.

जीवन

भाडळीचे चरित्र आख्यायिकांतूनच कळते. मराठी परंपरेत ती सहदेवाची बहीण असून तिचा पिता ब्राह्मण जोशी व माता अंत्यज होती, असे सांगतात. गुजरातमध्ये ती हुदड जोशी याची कन्या ठरते आणि तिचा काळ सिद्धराज जयसिंहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १२ व्या शतकात मानतात. राजस्थानात ती डंक ऋषीची पत्नी आहे. उत्तर भारतात भड्डरी हे नाव घाघ या लोककवीच्या जोडीने येते आणि तेथे ते पुष्कळदा पुरुषाचे समजले जाते. तिचे नाते प्रांतागणिक बदलते. पश्चिम भारतात पर्जन्यज्ञानाचे श्रेय मात्र विद्वान पिता वा पतीपेक्षा तिलाच अधिक मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आडाखे

होळीचा व अक्षय्यतृतीयेचा वारा, विजेची दिशा, चंद्र-सूर्याभोवतीचे खळे आणि नक्षत्रे यांवरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत या परंपरेत आहे. बहावा पूर्ण बहरल्यानंतर सुमारे ४५ दिवसांनी पावसाळा सुरू होतो, असाही समज आहे. हिवाळ्यात धरलेला मेघगर्भ १९५ दिवसांनी प्रसवतो, हा विचार वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (६ वे शतक) आढळतो. शास्त्रग्रंथातील अशा कल्पना लोकभाषेत सर्वांपर्यंत पोहोचल्या त्या भाडळीसारख्यांच्या नावाने.

धूळपेरणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हता. अंदाज चुकला तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणी करावी लागे. १९९० च्या दशकात जुनागढ येथील कृषिशास्त्रज्ञांनी भाडळीच्या आडाख्यांची प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे पडताळणी करण्याचा प्रयत्न केला. मुंग्यांची लगबग किंवा हवेतील दमटपणा ही अल्प मुदतीची चिन्हे वातावरणातील बदलांशी जोडता येतात. कित्येक महिने आधीच्या भाकितांना मात्र हवामानशास्त्रात तसा आधार मिळालेला नाही.

पुढे छापील पुस्तिकांतून भाडळीच्या नावावर शुभाशुभ शकुनांचीही भर पडली. त्यामुळे मूळ पर्जन्यविषयक उक्ती निवडून काढणे अभ्यासकांना कठीण झाले आहे.