इंग्रजी व्याकरणकार लिंडले मरे

खालच्या वर्गांत इंग्रजी विशेषणांचा धडा आला कीं फळ्यावर तीन रकाने पडतात. पहिल्या रकान्यांत टॉल, दुसऱ्यांत टॉलर, तिसऱ्यांत टॉलेस्ट. मुलें हौसेनें पुढें म्हणूं लागतात, स्मॉल, स्मॉलर, स्मॉलेस्ट. आणि त्याच हौसेच्या भरांत एखादा गुड, गुडर, गुडेस्ट म्हणून जातो व वर्गांत हशा पिकतो. त्या बिचाऱ्याचा तर्क चुकलेला नसतो. भाषाच तेथें आपला नियम मोडते. हंसणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं तीच चूक मनांतल्या मनांत केलेली असते, हें वेगळेंच. विशेषणांच्या ह्या तीन पायऱ्या इंग्लंड-अमेरिकेंतील लक्षावधि मुलांना ज्या पुस्तकानें पाठ करावयास लावल्या, तें एका पांगळ्या होत चाललेल्या गृहस्थांनीं खुर्चीवर बसून लिहिलेलें आहे. त्यांचें नांव लिंडले मरे.

त्यांचा जन्म अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत ७ जून १७४५ रोजीं झाला. वडील रॉबर्ट मरे हे पुढें न्यूयॉर्कचे मोठे व्यापारी झाले. त्या शहरांतील मरे हिल हा भाग त्यांच्याच घराण्याच्या नांवानें ओळखला जातो. वडिलांची शिस्त कडक होती. एके संध्याकाळीं ते घरीं नसतां लिंडले परवानगीवांचून आपल्या काकांकडे गेला. दुसऱ्या दिवशीं त्याबद्दल त्याला मार बसला. आपलें म्हणणें ऐकून न घेतां शिक्षा झाली, हें त्या मानी मुलाच्या मनाला इतकें लागलें कीं त्यानें गुपचूप घर सोडलें. परंतु घरांतून पळालेलीं मुलें जेथें जातात तेथें तो गेला नाहीं. तो न्यू जर्सींतील बर्लिंग्टन गांवीं गेला आणि तेथील वसतिगृहाच्या शाळेंत स्वतः नांव घालून अभ्यासाला बसला! पुढें ठावठिकाणा लागला, काकांनीं मध्यस्थी केली आणि बापलेकांचा समेट झाला. वडिलांना मुलगा पेढीवर हवा होता, मुलाला वकील व्हावयाचें होतें. त्यानें आपल्या बाजूचीं कारणें रीतसर कागदावर मांडून वडिलांपुढें ठेवलीं, आणि वडिलांनीं हार मानली. हा त्याचा पहिला खटला असें म्हणावयास हरकत नाहीं. बेंजामिन किसम ह्या वकिलांच्या कचेरींत तो उमेदवारी करीत असतां अमेरिकेचे पुढचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे हे त्याचे सहाध्यायी होते.

वकिली चांगली चालली. १७६७ सालीं हॅना डॉब्सन ह्यांच्याशीं विवाह झाला. नंतर स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. मरे हे क्वेकर पंथाचे असल्यामुळें शस्त्राला हात लावणारे नव्हते. लाँग आयलंड येथें जाऊन त्यांनीं मीठ तयार करण्याचा उद्योग आरंभिला, तो बुडाला. पुन्हां न्यूयॉर्कला येऊन व्यापार केला, त्यांत मात्र चाळिशीच्या आंतच निर्वाहाची चिंता उरणार नाहीं इतकें द्रव्य मिळालें. आतां सुखाचे दिवस यावयाचे, तों शरीर उलटलें. स्नायूंत अशक्तपणा शिरला. थोडें चाललें तरी पाय गळून जात. हवापालटानें गुण येईल ह्या आशेनें १७८४ सालीं पतिपत्नी इंग्लंडला निघालीं आणि यॉर्क शहरालगत होलगेट नांवाच्या खेड्यांत घर घेऊन राहिलीं. गुण आला नाहीं. हळूहळू चालणें बागेपुरतें, मग खोलीपुरतें राहिलें, आणि अखेरचीं कित्येक वर्षें घराचा उंबरठाहि ओलांडवेना.

यॉर्क येथें क्वेकर मंडळींनीं मुलींची एक शाळा १७८५ सालीं काढली होती. तेथील तरुण शिक्षिकांना मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवावयाचें होतें. पण ते त्यांचें त्यांनाच नीट येत नव्हतें. त्या काळीं मुलींना इतकें व्याकरण हवें कशाला, असें मानणारे पुष्कळ होते. ह्या शिक्षिका होलगेटला मरे ह्यांच्याकडे शिकावयास येऊं लागल्या. शिकतां शिकतां त्यांनीं रीतसर विनंतिअर्ज लिहून हें सारें पुस्तकरूपानें द्यावें असा आग्रह धरला. मरे ह्यांनीं आढेवेढे घेतले, पण लेखणी उचलली. १७९५ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांचें इंग्रजी व्याकरण यॉर्क येथें छापून निघालें. तें एका शाळेसाठीं लिहिलेलें होतें. पाहतां पाहतां इंग्लंड आणि अमेरिका ह्या दोन्ही देशांत शाळाशाळांतून तेंच चालूं लागलें.

त्यांत नवें काय होतें? खरें पाहतां फारसें नाहीं. विशेषणाच्या तीन अवस्था लॅटिन व्याकरणापासून चालत आलेल्या. नियमांतील पुष्कळसा भाग बिशप रॉबर्ट लोथ ह्यांच्या १७६२ च्या व्याकरणांतला. ह्या उसनवारीबद्दल टीकाहि झाली, व पुढील आवृत्त्यांत मरे ह्यांनीं आधारभूत ग्रंथकारांचीं नांवें घातलीं. त्यांचें खरें काम मांडणीचें. पाठ करावयाचा नियम मोठ्या टाइपांत, त्याचें विवेचन बारीक टाइपांत. लहान मुलानें मोठीं अक्षरें तेवढीं वाचावींत, थोरानें खालचींहि. एकस्वरी शब्दाला अर व एस्ट हे प्रत्यय लावावे, लांब शब्दापूर्वीं मोर व मोस्ट घालावे. हॅपी किंवा एबल यांसारखे दोन अवयवांचे शब्द मात्र प्रत्यय सुखानें घेतात. प्रत्यय आणि मोर हीं दोन्हीं एकदम लावूं नयेत. चीफ, परफेक्ट यांसारख्या शब्दांना पायरीच नाहीं, कारण जें पूर्ण झालें तें आणखी पूर्ण कसें व्हावें? दोघांतच तुलना असतां तमभाव न वापरतां तरभाव वापरणें अधिक नियमाला धरून आहे, असेंहि ते सांगतात. ब्लॅक ह्यापासून होणारें ब्लॅकिश हें रूप म्हणजे मूळ पायरीच्या खालची जणुं आणखी एक पायरी, ही त्यांची सूचना तर मराठी वाचकाला चटकन् पटेल. आपलें काळसर, लालसर हें त्याच पायरीवरचें नव्हे काय?

येथें पालकांसाठीं दोन शब्द. मराठींत विशेषण जागचें हलत नाहीं. उंच, त्याच्यापेक्षां उंच, सर्वांत उंच. उंच तो उंचच राहतो. म्हणून आपलीं मुलें अधिक उंच असें मनांत आणून मोर टॉलर म्हणतात. त्यांना रागें भरण्यापूर्वीं एवढें ध्यानांत असावें कीं शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकांतहि असा दुहेरी प्रयोग सांपडतो. त्याच्या काळीं तो दोष मानीत नसत. लघुतर, प्रियतम हे संस्कृत शब्द मुलाला ठाऊक असतील तर तर-तम ह्या वाटेनें अर-एस्ट लौकर समजतात. १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांनीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्यापुढेंहि इंग्रजी व्याकरणांचा सांचा होता.

१७९७ सालीं मरे ह्यांनीं अभ्यासाचें निराळें पुस्तक काढलें. त्यांत मुद्दाम चुकीचीं वाक्यें दिलेलीं, तीं मुलांनीं सुधारावयाचीं. शिक्षकांसाठीं उत्तरांचें पुस्तक वेगळें. ही युक्ति मला नियमांपेक्षां मोलाची वाटते, कारण चूक हुडकण्यांत मुलाला शिकाऱ्याचा आनंद मिळतो. परंतु पुष्कळ शाळांतून मोठ्या टाइपांतला मजकूर तेवढा घोकून घेतला गेला, आणि मरे हें नांव मुलांच्या पिढ्यांना धाकाचें झालें. इकडे १७९९ चें त्यांचें वाचनपुस्तक अमेरिकेंत घरोघर गेलें. वैयाकरणाला चुका काढणारा वैयाकरणहि भेटतोच: १८६० नंतर एका इंग्रज लेखकानें मरे ह्यांच्याच इंग्रजींतील दोष दाखविणारें एक पुस्तक लिहिलें.

पुस्तकांचे हक्क विकून आलेला पैसा मरे ह्यांनीं स्वतःकडे ठेवला नाहीं. तो धर्मादाय कार्यांत गेला. मूलबाळ नव्हतें. दिवसभर बैठक, लेखन, भेटीस येणारीं माणसें, खिडकीबाहेरची बाग आणि जवळ हॅनाबाई, एवढाच त्यांचा संसार. बोलण्याचा आवाजहि पुढें पुढें क्षीण झाला होता. १६ फेब्रुवारी १८२६ रोजीं होलगेट येथेंच त्यांचें देहावसान झालें. मृत्युपत्रांत, पत्नीच्या पश्चात् उरलेल्या द्रव्याचा विनियोग गुलामांची मुक्तता, अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांचें साह्य, गरिबांची मदत व उपयुक्त पुस्तकांचा प्रसार ह्यांसाठीं व्हावा अशी तरतूद होती.

होलगेटच्या बागेंत एक लहानशी कोठी होती, उन्हाळ्यांत बसण्याची. ती पुढें तेथून उचलून यॉर्कच्याच माउंट स्कूल ह्या क्वेकर मुलींच्या शाळेच्या आवारांत नेऊन उभी केली आहे.