मंडळ निवडताना : सेनापती बापट

फर्स्ट इयरला होस्टेलवर आलं की प्रश्न पडतो, कुठल्या मंडळात नाव द्यायचं? आपल्या राजूरच्याच जिल्ह्यातल्या पारनेरला १२ नोव्हेंबर १८८० रोजी जन्मलेले पांडुरंग महादेव बापट डेक्कन कॉलेजात शिकून, शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंगसाठी एडिंबरोला गेले. तिथे इंग्रजी राजवटीविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली! मग लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये ते सावरकरांच्या मंडळात शिरले. अभ्यास मागे पडला. १९२१ पासून मुळशीच्या धरणग्रस्त शेतकऱ्यांसाठी लढले, तुरुंगात गेले आणि ‘सेनापती’ झाले. २८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले. मित्रांनो, सर्टिफिकेटसाठी चार ठिकाणी नाव घालण्याआधी एवढंच बघा, यातल्या कुठल्या कामासाठी आपण काही सोडायला तयार आहोत?